पिशवीतलं बी कोणाचं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एका मावशींनी विषय काढला. गेल्या खरिपात त्यांनी सोयाबीनच्या दोन बॅगा आणल्या होत्या. पीक बरं आलं, दाणा टपोरा होता. म्हणून पुढच्या सालासाठी दोन पोती बाजूला काढून ठेवावीत असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दुकानात सहज विचारलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे कंपनीचं बी आहे. ते घरी धरायचं नसतं. कायद्यानं गुन्हा आहे." मावशी घाबरल्या. दिवाळीत सगळं सोयाबीन, बाजूला काढलेल्या दोन पोत्यांसकट, आडतीवर गेलं. आणि यंदा मृगाच्या तोंडावर पुन्हा बॅगा आणायच्या म्हणून त्या गटाकडं कर्ज मागायला आल्या.

म्हणाल्या, "ताई, पैसे मी मोजले, राबले मी, मग बी माझं कसं नाही?"

प्रश्न साधा आहे. पण त्याच्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापासून आपल्या संसदेपर्यंत माणसं भांडली आहेत. आज त्याचीच गोष्ट सांगते. शेवटी मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही देते. हातातलं काम चालू राहू द्या, नुसते कान इकडं द्या.

आधी एका पुस्तकाची गोष्ट. १९०४ साली अमेरिकेत 'द कास्टअवे' नावाची एक कादंबरी निघाली. प्रकाशकानं आत एक सूचना छापली होती. या पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी भावानं विकायला कोणाला परवानगी नाही, आणि तसं विकलं तर तो आमच्या हक्काचा भंग समजू. न्यूयॉर्कमध्ये मेसीज नावाचं मोठं दुकान होतं. त्यांनी ते पुस्तक घाऊक भावानं विकत घेतलं आणि गिऱ्हाइकांना ८९ सेंटला द्यायला सुरुवात केली. एका डॉलरचे शंभर सेंट, म्हणजे अकरा सेंट कमी. प्रकाशक कोर्टात गेला.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. छापण्याचा हक्क प्रकाशकाचा आणि पहिल्यांदा विकण्याचा हक्कही त्याचाच. पण एकदा प्रत विकली, पैसे घेतले, की त्या प्रतीवरचा त्याचा ताबा सुटला. घेणाऱ्यानं ती स्वस्तात विकावी, कोणाला द्यावी, नाहीतर माळ्यावर टाकावी. आत काहीही छापलेलं असो, नुसत्या छापील सूचनेनं घेणारा बांधला जात नाही.

हे तत्त्व आपल्याला ऐकायला नवं नाही. भांडं विकत घेतलं की त्यात आमटी करायची का दही लावायचं, हे भांडीवाला सांगत नाही. म्हैस विकली की दुधावर जुन्या मालकाचा हक्क राहत नाही. विकलं ते गेलं, हे आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

पण त्या निकालात एक गोष्ट तशीच राहिली होती. विकत घेतलेली प्रत तुमची, मात्र तिच्यावरून नव्या प्रती छापून विकायचा हक्क तुम्हाला नाही. पुस्तकाच्या बाबतीत हे समजायला सोपं आहे, कारण पुस्तक पेरलं तर पुस्तक उगवत नाही. बियाण्याचं तसं नाही. एक दाणा पेरला की त्याच जातीचे शंभर दाणे हातात येतात. मग ते शंभर दाणे तुमचे, की ज्यानं पहिला दाणा विकला त्याचे? सगळं भांडण इथून सुरू झालं.

आपल्या आज्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता, कारण बी फारसं विकत आणावं लागत नव्हतं. पीक उभं असतानाच घरातली बाई रानात फिरून कणसं हेरायची. भरलेलं कणीस, सरळ ताट, किडीनं न खाल्लेलं. ती कणसं वेगळी काढून आढ्याला टांगायची. डाळीचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, त्याच्या तोंडाला शेणामातीनं लिंपायचं. कणगीत कडुलिंबाचा पाला घालायचा. भोपळ्याच्या, दोडक्याच्या, घेवड्याच्या बिया चिंधीत बांधून खुंटीला अडकवायच्या. कोणाचं बी गेलं तर शेजारीण द्यायची, आणि सुगीला सवाईनं परत घ्यायची. माहेराहून येताना वाणवळ्यात थोडं बीही यायचं. अशी एका गावची वांगी दुसऱ्या गावची व्हायची. त्याची पावती नव्हती, पेटंट नव्हतं.

मग संकरित बियाणं आलं. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आपल्या देशात आली. आपण तिला नुसतं 'हायब्रीड' म्हणायला लागलो. १९७० साली गुजरातमधल्या सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ ही कपाशी आली. व्यापारी लागवडीसाठी आलेली ती जगातली पहिली संकरित कपाशी. उत्पादन वाढलं, हे खरंच आहे. हायब्रीड ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही असं म्हणत म्हणत लोकांनी तीच खाऊन दुष्काळ काढले.

पण संकरित बियाण्याबरोबर एक बदल गुपचूप घरात आला. दोन वेगळ्या जातींचा संकर करून हे बी तयार होतं. पहिल्या वर्षी सगळी रोपं सारखी आणि जोमदार येतात. त्याच पिकातलं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर एक रोप आईच्या वळणावर जातं, दुसरं बापाच्या, तिसरं भलतंच निघतं. उत्पादन घटतं. म्हणजे इथं बी धरायला कोणी कायद्यानं मना केलेलं नाही, त्या बियाण्याची जातच तशी आहे. दरवर्षी दुकानात जावं लागतं, ते यामुळं. आणि गंमत बघा, कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फुलाफुलाचा संकर हातानं करायचं बारीक काम बहुतेक बायाच करतात. बी तयार करणारे हात बाईचे, पण घरात बी राखायची तिची सत्ता मात्र गेली.

मावशींच्या प्रश्नासाठी हा फरक नीट ध्यानात ठेवा. कपाशी, मका, बाजरी, संकरित ज्वारी आणि दुकानातला बराचसा भाजीपाला संकरित असतो. सोयाबीन, हरभरा, तूर, गहू, मूग, उडीद, भुईमूग यांची बहुतेक बियाणी सरळ वाणाची असतात. सरळ वाणाचं बी पुन्हा पेरलं तर तसंच पीक येतं. म्हणून कंपन्यांना खरी काळजी होती ती सरळ वाणांची. शेतकऱ्यानं एकदाच बी नेलं आणि नंतर घरचंच वापरलं तर पुढं विकायचं काय?

अमेरिकेत या काळजीवर कायद्याचा उपाय निघाला. १९७० साली तिथं नवीन वाण काढणाऱ्याला हक्क देणारा कायदा झाला, पण त्यात शेतकऱ्याला घरचं बी धरायची सूट होती. पुढं १९८० साली एक वेगळाच खटला गाजला. आनंद चक्रवर्ती नावाचे आपल्या बंगालमधून तिकडं गेलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी तेल खाणारा जिवाणू प्रयोगशाळेत तयार केला होता. माणसानं घडवलेल्या जिवंत गोष्टीवरही पेटंट मिळू शकतं, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. त्या दारातून पुढं बियाणंही आत शिरलं. १९९६ साली मोन्सँटो कंपनीचं तणनाशक सहन करणारं सोयाबीन तिथल्या बाजारात आलं. ते घेताना शेतकऱ्याला करारावर सही करावी लागायची की एकच पीक घेईन, बी राखून पुन्हा पेरणार नाही.

इंडियाना राज्यात व्हर्नन बोमन नावाचे एक शेतकरी होते. पहिल्या पेऱ्यासाठी ते कंपनीचं बी रीतसर विकत घ्यायचे आणि करार पाळायचे. पण हंगामात उशिरा दुसरं पीक घ्यायचं असे. त्यात धोका जास्त, म्हणून महागाचं बी परवडत नव्हतं. त्यासाठी ते धान्याच्या कोठारातून खाण्याचं स्वस्त सोयाबीन आणून पेरायचे. आपण बाजार समितीतून आणावं तसं. त्या भागात बहुतेकांनी कंपनीचंच सोयाबीन लावलेलं असल्यानं कोठारातल्या दाण्यातही तोच गुण होता. बोमन यांनी त्यावर तणनाशक मारलं, जे टिकलं त्याचं बी धरलं आणि पुढच्या वर्षी पेरलं. १९९९ पासून आठ हंगाम हे चाललं. २००७ साली कंपनीनं खटला भरला. कोर्टानं त्यांना ८४ हजार डॉलरहून जास्त भरपाई भरायला सांगितली.

बोमन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं मावशींसारखंच होतं. धान्य मी बाजारातून पैसे देऊन घेतलं. विकलं तिथं कंपनीचा हक्क संपला. शिवाय बी पेरल्यावर उगवतं, तो त्याचा धर्म आहे, त्यात माझा काय दोष? २०१३ च्या मे महिन्यात सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं त्यांच्या विरोधात निकाल दिला. घेतलेलं सोयाबीन खा, विका, जनावरांना घाला, ते तुमचं आहे. पण पेरून त्याचं नवं पीक काढणं म्हणजे पेटंट असलेल्या वस्तूच्या नव्या प्रती काढणं, आणि त्याचा हक्क तुम्हाला नाही. १९०८ सालच्या निकालातली ती उरलेली अट शंभर वर्षांनी शेतात येऊन उभी राहिली.

आपल्याकडच्या दुकानदारानं कुठंतरी हेच ऐकलं असणार. पण तो कायदा अमेरिकेचा आहे. आपला कायदा वेगळा आहे. तो वेगळा कसा झाला ते आता सांगते.

१९९१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींचा एक मसुदा निघाला. गॅट या संस्थेचे प्रमुख होते आर्थर डंकेल, म्हणून तो 'डंकेल प्रस्ताव'. आपल्यातल्या ज्या तेव्हा मोठ्या होत्या त्यांना आठवत असेल, पारावर, एसटीत, बाजारात तोच विषय. कोणी म्हणायचं, आता तुळशीवर आणि कडुलिंबावरही परदेशी कंपनीचं नाव लागणार. कर्नाटकात रयत संघाचे नंजुंडस्वामी यांनी शेतकऱ्यांना घेऊन मोठी आंदोलनं केली. त्यांचं म्हणणं, बियाण्यावर मालकी आली की शेतकरी गुलाम झाला. आपल्या महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला जगाचा बाजार आणि नवं तंत्रज्ञान मिळालं पाहिजे, सरकारनं वाट अडवू नये. दोघंही शेतकऱ्यांचेच पुढारी. दोघांच्याही सभांना हजारो माणसं आणि बाया जायच्या.

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि भारत तिचा सदस्य झाला. करारात एक अट होती. नव्या वाणांना संरक्षण द्यायचंच, मग ते पेटंटनं द्या किंवा तुमचा स्वतःचा वेगळा कायदा करा. भारतानं दुसरा रस्ता धरला.

त्याच सुमारास आणखी एक बातमी आली. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एका बियाणे कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला मिळून एक पेटंट मिळालं. पीक येईल पण त्याचं बी पुन्हा उगवणार नाही, असं तंत्र. लोकांनी त्याला 'टर्मिनेटर' नाव ठेवलं. नवरा मुलगा बघायचा आणि वंश चालणार नाही अशी आधीच तजवीज करायची, तसला हा प्रकार. जगभर ओरड झाली. १९९९ साली मोन्सँटो कंपनीनं ते तंत्र बाजारात आणणार नाही असं जाहीर केलं. ते बी आपल्या शेतात कधी आलं नाही. पण त्या भीतीनं एक झालं. आपला कायदा लिहिणाऱ्यांनी अशा तंत्राच्या वाणांना नोंदणी मिळणार नाही, असं कलमच घालून टाकलं.

डिसेंबर १९९९ मध्ये विधेयक संसदेत आलं. ते दोन्ही सभागृहांच्या समितीकडं गेलं. समितीनं लोकांचं ऐकलं, मसुदा बराच बदलला, आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं वेगळं प्रकरण त्यात आलं. २००१ साली कायदा झाला. त्याचं नाव नीट ऐका आणि वहीत लिहून ठेवा: पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. नावातच दोन्ही गोष्टी आहेत. वाण काढणाऱ्याचा हक्क आणि शेतकऱ्याचा हक्क.

यातलं कलम ३९ आपल्या कामाचं. संरक्षित वाणाचं बी असलं तरी शेतकऱ्याला आपल्या शेतातला माल, बियाण्यासकट, राखून ठेवता येतो, पेरता येतो, पुन्हा पेरता येतो, अदलाबदल करता येते, दुसऱ्याला देता येतो आणि विकताही येतो. कायदा यायच्या आधी जसा हक्क होता तसाच. बंदी एकाच गोष्टीला आहे. संरक्षित वाणाचं नाव लिहून, लेबल लावून, पिशवीत भरून त्याचं बियाणं विकायचं नाही. म्हणजे शेजारणीला दोन पायली बी दिलं, विकलं, तर चालतं. घरी पिशव्या छापून कंपनीच्या वाणाच्या नावानं दुकान मांडलं, तर चालत नाही.

आणखी तीन गोष्टी त्याच कायद्यात आहेत. हक्क आहे हे ठाऊक नसताना शेतकऱ्याच्या हातून भंग झाला, तर तो गुन्हेगार ठरत नाही. वाण विकणाऱ्यानं किती उत्पादन येईल ते सांगितलं आणि त्याप्रमाणं आलं नाही, तर शेतकरी प्राधिकरणाकडं भरपाई मागू शकतो. आणि तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. या कायद्यात शेतकरी कोणाला म्हटलंय? जो स्वतः जमीन कसून पीक घेतो तो, जो स्वतः देखरेख करून कसून घेतो तो, आणि जो एकट्यानं किंवा इतरांबरोबर मिळून पारंपरिक वाण जपतो तोसुद्धा. या व्याख्येत सातबारा मागितलेला नाही. सख्यांनो, आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे ते मनात मोजा. ज्यांचं नाही, त्याही या कायद्यानं शेतकरीच आहेत.

कंपनीनं पैसा घालून वाण काढलं, मग शेतकऱ्याला एवढा हक्क कशासाठी, असं कोणी विचारेल. कारण कंपनी काही शून्यातून सुरुवात करत नाही. तिच्या हातात येणारं मूळ बी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेलं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे थोड्याशा जमिनीचे धनी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, आणि एक बारीक, चवदार तांदूळ तयार झाला. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच नाव त्या तांदळाला पडलं. आपल्यापैकी कितीतरी घरांत तो शिजतो. वाण दूरवर गेलं, पण दादाजींच्या संसारात त्या मानानं फार काही आलं नाही. २०१८ साली ते गेले. शेतकऱ्यानं जपलेलं किंवा तयार केलेलं वाण त्याच्या नावानं नोंदवायची सोय आता याच कायद्यात आहे, आणि त्या नोंदणीला शेतकऱ्याकडून फी घेत नाहीत.

कागदावरचा हक्क खरा की खोटा, हे कोणीतरी अडवल्यावर कळतं. तसं २०१९ साली गुजरातमध्ये झालं. पेप्सिको कंपनीनं वेफरसाठी एफएल २०२७ नावाचं बटाट्याचं वाण या कायद्याखाली नोंदवलं होतं. करार केलेल्या शेतकऱ्यांकडून ती ते पिकवून घेत असे. साबरकांठा जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांनी करार नसताना हाच बटाटा लावला म्हणून कंपनीनं अहमदाबादच्या कोर्टात दावे लावले. चार जणांकडं प्रत्येकी एक कोटी रुपयांहून जास्त भरपाई मागितली. तीन-चार एकरवाल्या माणसाकडं एक कोटी! कोर्टात कंपनीनं तडजोडही पुढं केली, की आमचं बी घ्या आणि माल आम्हालाच द्या, नाहीतर हे वाण लावणार नाही असं लिहून द्या.

शेतकरी संघटना आणि कार्यकर्ते पुढं आले. त्यांनी कलम ३९ वर बोट ठेवलं. देशभर बोभाटा झाला आणि मे २०१९ मध्ये कंपनीनं दावे मागं घेतले. पुढं कविता कुरुगंटी या कार्यकर्तीनं त्या वाणाच्या नोंदणीलाच आव्हान दिलं. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणानं नोंदणी रद्द केली. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला, तर जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे कंपनीच्या नोंदणीचं पारडं कधी इकडं, कधी तिकडं झालं. पण कलम ३९ आहे तिथंच आहे. कंपनीची नोंदणी असली तरी शेतकऱ्याचा हक्क शिल्लक राहतो, त्यासाठीच ते कलम लिहिलेलं आहे.

आता गिऱ्हाईक म्हणून आपल्या दुसऱ्या हक्काकडं येऊ. पिशवीतलं बी उगवलंच नाही तर? पूर्वी कंपन्या कोर्टात म्हणायच्या, शेतकरी धंद्यासाठी बी घेतो, तो ग्राहक नव्हे. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचं असं प्रकरण राष्ट्रीय बीज निगमाच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. तपासणीला बी शिल्लक ठेवलं नाही म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू नका, कारण शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, नमुना म्हणून मागं ठेवत नाही. आता २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार देता येते. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार द्यायची. १९१५ हा ग्राहक मदतीचा फोन नंबर आहे.

पण या सगळ्याला एक आधार लागतो, आणि तो म्हणजे पक्की पावती. पावतीवर वाणाचं नाव, लॉट नंबर, तारीख आणि दुकानदाराची सही हवी. पिशवी फोडताना ती खालच्या बाजूनं फोडा, म्हणजे वरची खूणचिठ्ठी शाबूत राहते. रिकामी पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. दुबार पेरणी करून टाकली की दाखवायला काही उरत नाही, म्हणून अर्ज आधी.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. कंपनीशी करार करून पीक घेत असाल तर त्या कागदात वेगळ्या अटी असू शकतात. गटात वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि सरकारनं मान्यता न दिलेलं बी, जसं तणनाशक सहन करणारी चोरून विकली जाणारी कपाशी, ते घेऊ नका. त्याची पावती मिळत नाही, आणि पावती नाही तर दादही नाही.

आता मावशींकडं परत येते. त्यांची बॅग आम्ही मागवून बघितली. सोयाबीनचं सरळ वाण होतं. म्हणजे ते बी त्यांना राखता येत होतं, पेरता येत होतं, शेजारणीला देताही येत होतं. गुन्हा कसलाच नव्हता. दोन पोती विकून त्यांना मिळाले ते धान्याच्या भावानं, आणि आता आणायचं ते बियाण्याच्या भावानं. मधला फरक गटाच्या कर्जात आला. कायदा त्यांच्या बाजूनं होता, फक्त तो त्यांना कोणी सांगितला नव्हता.

आम्ही गटात असं ठरवलं आहे. सोयाबीनचं प्रमाणित बी एकदा आणायचं आणि पुढची दोन वर्षं त्याचंच घरचं बी वापरायचं. कृषी विभागही हेच सांगतो. मळणी जपून करायची, कारण सोयाबीनचं साल नाजूक असतं, मार लागला की उगवण जाते. पोती ओलीला ठेवायची नाहीत, एकावर एक फार रचायची नाहीत. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बी पुरतं. कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवायचं.

आणि जुनी बियाणी? अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीतच आहेत. शाळेत गेल्या नाहीत, पण घरात देशी वाणांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रीसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. त्यांच्या घरातलं बी गटागटातून इतर गावांत गेलं. आपल्या प्रत्येकीच्या घरात अजून एखादी पुरचुंडी असेल. सासूनं दिलेला वाल, आईकडची गावरान काकडी. पुढच्या बैठकीला तेवढी एक पुरचुंडी घेऊन या. कोणाकडं काय आहे ते वहीत लिहा, आणि थोडं थोडं एकमेकींना द्या.

दुकानदारानं पुन्हा म्हटलं की हे बी धरता येत नाही, तर भांडू नका. दोनच गोष्टी विचारा. हे संकरित आहे का सरळ वाण? आणि सरळ वाण असेल तर कुठल्या कायद्यानं धरता येत नाही, ते पावतीवर लिहून द्याल का?

पुढच्या वेळी भेटू. तोवर पावत्या डब्यात जपून ठेवा, आणि पाऊस वेळेवर येऊ दे.